चिठ्ठ्यांची अदलाबदल

बिस्किटांच्या कारखान्यात आरोग्याचा कार्यक्रम घेऊन आलेल्या डॉक्टरला कामगारांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, झपाझप. तो बोलायचा झपाझप, चालायचा झपाझप, आणि समोरच्यानेही झपाझप मान हलवावी एवढीच त्याची माफक अपेक्षा असे. कार्यक्रमात सगळं होतं. चालणं होतं, जेवणाच्या वेळा होत्या, झोप होती, तंबाखू सोडवणं होतं, आणि चहाबरोबर भट्टीवरचे तुटके तुकडे मूठमूठ खायची सवय मोडणं होतं. हे शेवटचं कलम लोकांना फार लागलं. तुकडे कुणी मोजत नाही, म्हणजे ते अंगालाही लागत नाहीत, असा तिथे सर्वांचा ठाम समज होता.

या कार्यक्रमाने खरंच काही फरक पडतो का, हे तपासायची रीत ठरवून द्यायला एका बाईंना बोलावलं होतं. त्यांचा व्यवसायच तो. कामगार त्यांना तपासनीस बाई म्हणू लागले, आणि एकदा म्हणू लागल्यावर त्यांच्या बोटात सतत फिरणाऱ्या पेनाकडेही जरा धास्तीनेच बघू लागले.

पहिल्या बैठकीत झपाझप डॉक्टर म्हणाले, "ज्यांना यायचंय ते येतील. आधी मोजू, सहा महिन्यांनी मोजू. साखर उतरलेली असेल, वजन उतरलेलं असेल. झाला अभ्यास."

"तुमच्याकडे पहिला कोण येईल ते सांगू?" बाई म्हणाल्या. "जो आज लिफ्ट सोडून जिन्याने वर आलाय तो. त्याचं वजन तुम्ही नसतात तरी उतरलं असतं. घाम त्याचा आणि शाबासकी तुमची."

मॅनेजर हसला आणि डॉक्टर नाही हसले हे बघून लगेच गंभीर झाला.

बाईंची रीत सोपी होती. आधी सगळ्यांना मोजायचं. मग चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना कार्यक्रम आत्ता, निम्म्यांना सहा महिन्यांनी. थांबलेल्यांच्या तब्येती शेजारी ठेवल्या, तरच चाललेल्यांच्या तब्येतीचा अर्थ लागणार.

"थांबलेले मला शिव्या घालतील," मॅनेजर म्हणाला.

"चिठ्ठी ज्याची त्याने उचलायची. घालू देत स्वतःच्या हाताला शिव्या."

मग बाईंनी आणखी एक गोष्ट सांगून टाकली. त्यांचा थोरला भाऊ तिथे भट्टीवरच्या एका टोळीचा म्होरक्या होता. "चिठ्ठीला नाती कळत नाहीत," असं त्या वर म्हणाल्याही, आणि म्हणताना त्यांना बरं वाटलं. अशी वाक्यं दुसऱ्याच्या भावाबद्दल बोलायला फार सोपी असतात.

मोजमापं झाली. दादाची साखर निघाली वर, चांगलीच वर. ज्यांची अशी निघाली त्यांना "आपल्या डॉक्टरला दाखवा" असं सांगून एक कागद दिला गेला. दादाने तो घडी करून खिशात ठेवला आणि घरी गेल्यावर बायकोला म्हणाला, "तुझा नवरा गोड निघाला."

वहिनीने दुसऱ्याच मिनिटाला नणंदेला फोन लावला.

"वन्सं, यांचं नाव पहिल्यांत घाला."

"वहिनी, चिठ्ठ्या आहेत अगं."

"चिठ्ठ्या करणार कोण? तुम्हीच ना? मग एक चिठ्ठी जरा बोटाला लागेल अशी ठेवा. बाकीच्या कारखान्यात मी लुडबुड करत नाही."

"तू त्याला आधी डॉक्टरकडे ने."

"ते येतात का माझ्याबरोबर? कार्यक्रम होतोच आहे म्हणतात, बघू त्यात."

त्या दिवसापासून बाईंचं कशात लक्ष लागेना. वाचायला घेतलेलं पान तिथेच राही. स्वयंपाकघरात पाणी प्यायला जात आणि पाणी न पिताच परत येत. चिठ्ठ्यांच्या दिवशी त्या जेवणघराच्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या, टोपलीपासून लांब, हात मागे बांधून. दादाचा नंबर आला. त्याने हात घातला, चिठ्ठी उघडली आणि त्यांच्याकडे बघून वर धरली. आत्ता.

बाईंचा जीव भांड्यात पडला. आणि तो तसा पडल्याची त्यांना लगोलग लाजही वाटली.

चिठ्ठीवर आपापलं नाव घालून ती सोमवारी हजेरीच्या खिडकीत द्यायची असं ठरलं होतं. जागच्या जागी नावं लिहायला हवी होती, पण भोंगा झाला, पुढची पाळी दाराशी येऊन उभी राहिली, आणि बाईंनी सोमवार चालेल म्हणून मान हलवली.

आठवड्याने पहिला वर्ग भरला. बाई दारातून आत डोकावल्या आणि त्यांना आधी समाधान वाटलं. काय सुरेख लोक बसले होते. पॅकिंगमधली मावशी, जी घरी जाताना मुद्दाम लांबचा रस्ता धरते. माल चढवणारे दोघे भाऊ, ज्यांचे दंड शर्टात मावत नव्हते. डब्यात काकडी आणणारा कारकून. सगळे पाठ ताठ करून, पायात बूट चढवून तयार. मग बाईंना कुठेतरी खुपायला लागलं. एकही ढेरी नाही. एकही जांभई नाही. सगळ्या खोलीत तंबाखूचा वास नाही. चिठ्ठ्या इतक्या समजूतदार नसतात.

आणि दादा नव्हता.

त्या तशाच भट्टीकडे गेल्या. दादा पट्ट्यापाशी उभा होता, कपाळाला घाम, तोंडात तुकडा.

"तू इथे काय करतोयस? वर वर्ग चाललाय."

"मी नंतरचा."

"मी डोळ्यांनी बघितलंय, तुझी आत्ताची होती."

"होती की. दिली मावशीला. ती बिचारी हळहळत होती, नंतरची आली म्हणून. तिने माझी रविवारची पाळी काढून दिली दुसऱ्याला. माझं काम झालं, तिचं काम झालं."

"दिली म्हणजे?"

"दिली म्हणजे दिली, धाकटे. पाळी देतो तशी. तुला नको ती दुसऱ्याला हवी असते. इथे अख्खा कारखाना त्यावर चालतो."

"अजून कोणी कोणी दिल्या?"

दादाने तोंडातलं गिळलं आणि विचार करून म्हणाला, "कोणी नाही दिल्या ते विचार. लवकर होईल."

बाई तिथल्या एका रिकाम्या डब्यावर बसल्या आणि लगेच उठल्या. ज्यांच्या रक्तातच अदलाबदल होती त्यांच्या हातात त्यांनी चिठ्ठ्या दिल्या होत्या आणि वर दोन दिवस मोकळेही दिले होते. उत्साही सगळे आत, आळशी सगळे बाहेर. बैठकीत ज्या गोष्टीवरून डॉक्टरांना टोमणा मारला होता, तीच गोष्ट आता त्यांच्याच रीतीने, शिस्तीत रांग लावून झाली होती.

झपाझप डॉक्टरांना सांगितलं तर ते खूशच झाले. "मग उत्तमच की. ज्याला हवं त्याला मिळालं. वर्ग सुरू झालाय, लोक आनंदात आहेत. राहू द्या."

"याने काहीच सिद्ध होणार नाही."

"सिद्ध होईल हो. आकडे छान येतील."

"त्याचीच भीती आहे मला."

डॉक्टरांनी खोलीचं दार लोटून घेतलं.  मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या दादांची साखर मी बघितलीय. त्यांची चिठ्ठी मुळात आत्ताचीच होती ना? त्यांना मी उद्यापासून आत बसवतो. बाकीचं आहे तसं. कुणाचंच काही बिघडत नाही."

बाई हो म्हणाल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत, आणि घरी जाताना हेच त्यांना सलत राहिलं. दादाची चिठ्ठी खरोखर आत्ताचीच होती. म्हणजे त्याला आत घेणं चूक नव्हतं. फक्त एकट्यालाच घेणं चूक होतं. त्या एक स्टॉप आधीच उतरल्या आणि चालत निघाल्या, मग चालणंही संथ वाटायला लागलं. घरी येऊन त्यांनी धुतलेला कप पुन्हा धुतला. वहिनीचा फोन दोनदा वाजला, दोनदा वाजू दिला. सकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि एका दमात सांगितलं, "वर्ग थांबवा. चिठ्ठ्या पुन्हा टाकायच्या."

या खेपेला चिठ्ठ्या माणसांच्या नव्हत्या, टोळ्यांच्या होत्या. माणूस माणसाला पाळी देतो, पण भट्टीची टोळी उठून पॅकिंगला जाऊन उभी राहू शकत नाही. या एकाच कारखान्यात टोळ्या पुरेशा नव्हत्या, म्हणून दुसऱ्या शाखेतल्याही घ्याव्या लागल्या. सुरुवात लांबली. मॅनेजर कुरकुरला, मावशीने बूट पिशवीत घातले आणि बाईंशी बोलणं टाकलं. चिठ्ठ्या डॉक्टरांनी उचलल्या, सगळ्यांदेखत, आणि एकेक नाव तिथल्या तिथे फळ्यावर चढलं. बाई पुन्हा कोपऱ्यात होत्या. दादाची टोळी आली नंतरच्यांत.

टोळीने टाळ्या वाजवल्या. सहा महिने तुकड्यांना अभय मिळालं होतं.

संध्याकाळी वहिनीच्या घरी जाणं भागच होतं. वहिनीने दार उघडलं, पण पाणी विचारलं नाही.

"आत बसवत होते डॉक्टर. तुम्ही नको म्हणालात. हे यांनीच सांगितलं मला, हसत हसत."

"हो."

"यांची साखर एवढी वर, आणि तुम्ही सख्खी बहीण."

"एकट्याला आत घेतलं असतं तर अभ्यास खोटा झाला असता, वहिनी."

"मला एक सांगा. त्या कार्यक्रमाने साखर उतरते का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही?"

"माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?"

वहिनीने कपाळाला हात लावला. "म्हणजे उपयोग होतो की नाही याचा पत्ता नाही, आणि त्यावरून मी तुमच्याशी आठवडाभर अबोला धरायच्या बेतात होते. तुम्हीपण काय, तोंड एवढंसं करून हिंडताय."

 परक्या दोनशे माणसांबद्दल बाई रोज सांगत आल्या होत्या की याचा गुण येईल की नाही ठाऊक नाही. एका भावाबद्दल मात्र त्यांनी मनातल्या मनात तो गुण धरूनच टाकला होता. आणि या धरून चालण्यात तिघांनीही त्या घडी केलेल्या कागदाकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नव्हतं.

"दादा कुठाय?"

"आत. पडलेत."

बाई आत गेल्या आणि त्यांनी त्याच्या चपला कॉटपाशी आणून ठेवल्या. "चल. आपल्या डॉक्टरकडे."

"आज?"

"दवाखाना उघडा आहे."

"अगं, मी नंतरचा ना? मी औषध घेतलं तर तुझ्या आकड्यांचा घोळ होईल."

"नंतरच्यांनी डॉक्टरकडे जायचं नाही असं कुणी सांगितलं? कोण कुठलं औषध घेतो ते मी विचारून लिहिणार आहे, सगळ्यांचंच. ऊठ."

दादाने सुटायला आणखी दोन कारणं काढून बघितली, गुडघा आणि जेवण. पण वहिनीने शर्ट हातात दिला.

दवाखान्यात गर्दी होती. बाकावर दोघांना जेमतेम जागा मिळाली. बाईंचं पेन बोटात फिरत होतं, पाय हलत होता, शेजारचा म्हातारा वैतागून सरकून बसला.

"मला एकट्यालाच धरून आणलंस," दादा कुरकुरला. "आमच्या टोळीत ज्याला भोपळा म्हणतात त्याची साखर माझ्याहून वर आहे. त्याने कागद कुठे टाकला त्यालाही माहीत नाही. पण त्याची बहीण परगावी, आणि ती शिवणकाम करते, म्हणून तो सुटला."

"तो गेला नाही कुठे?"

"कोण गेलंय? सगळे म्हणतात, कार्यक्रम आहे ना."

बाईंचा पाय हलायचा थांबला. त्यांनी पेन पर्समध्ये टाकलं, फोन काढला आणि बाहेर पायरीवर गेल्या. झपाझप डॉक्टरांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"ज्यांची साखर रेषेच्या वर निघाली," बाई म्हणाल्या, "त्यांना एकेकाला गाठायचं. आत्तावाले असोत, नंतरवाले असोत. नुसता कागद देऊन भागलेलं नाही. हे मी रीतीत आधीच घालायला हवं होतं. उद्या पहिल्या पाळीला दारात उभं राहायचं आपण."

"उद्या? अहो, जरा दम धरा," झपाझप डॉक्टर म्हणाले.

आतून दादाचा नंबर पुकारला गेला. तो उठला, दाराशी थबकला आणि बहिणीकडे बघत राहिला. बाईंनी फोन कानाला तसाच धरून पायरीवरून येऊन त्याला हाताने आत ढकललं, आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "सकाळी सातला. नाही, साडेसहाला. भोंग्याच्या आधी."