नळीचे दुसरे टोक

एकोणीसशे एकोणसाठ सालच्या होळीनंतर वरूडकडचे संत्राबागायतदार खुशालराव काळमेघ आपली जीप घेऊन अमरावतीला नत्थुजी इंगोल्यांच्या गॅरेजात आले, तेव्हा जीपमध्ये बिघाड काहीच नव्हता. लष्कराने मोडीत काढलेली ती गाडी नत्थुजींनीच चार वर्षांपूर्वी जुळवून दिली होती आणि काळ्या मातीतून, नाल्याच्या दगडगोट्यांतून ती अजून मुकाट चालत होती. अडचण होती ती विहिरीत. झाडांना पाणी पुरेना म्हणून खुशालरावांनी बागेतली जुनी विहीर खोल करायला घेतली होती; चाळीस फुटांखाली काळा खडक लागला, सुरुंग लावावे लागले, आणि सुरुंगाचा धूर खालच्या कोंदट हवेत असा साचून राहू लागला की दोरीने सोडलेला कंदील तळाला पोचण्याआधीच विझे. खोदणाऱ्यांचा मुकादम उकंडा याने कंदील दोनदा सोडून पाहिला आणि आपली माणसे कामावरून काढून घेतली. आता खुशालरावांना हवे होते ते एवढेच, की जीपच्या इंजिनावर हवेचा कंप्रेसर बसवावा, जीप विहिरीच्या काठावर उभी करावी आणि नळीने खालच्या माणसांना श्वासापुरती हवा द्यावी.

नत्थुजींनी असले काम पूर्वी केले नव्हते. ट्रकच्या ब्रेकला हवा देणारा एक कंप्रेसर त्यांनी अकोल्याला जठारपेठेतल्या ओळखीच्या माणसाकडून आणला. इंजिनाच्या अंगाला लोखंडी अँगलची बैठक केली, पण पट्टा काही एका रेषेत येईना. सुताएवढा फरक राहिला तरी तो पुलीवरून उडे, म्हणून ती बैठक त्यांनी तीनदा कापून तीनदा जोडली. हवेची टाकी मागच्या सीटखाली गेली, दाब दाखवणारे घड्याळ समोर स्टीअरिंगजवळ आले. सायलेन्सरचा धूर ओढला जाऊ नये म्हणून हवा आत घेणारा पाइप त्यांनी काचेच्या चौकटीवर उंच नेला आणि कंप्रेसरच्या तेलाचा वास उतरू नये म्हणून जिनिंगमधला स्वच्छ कापूस डब्यात दाबून त्यातून ती हवा गाळली. सत्तर फूट रबरी नळीच्या टोकाला माणसाचे तोंड मावेल एवढे टिनाचे नरसाळे जोडले. ते नरसाळे तोंडाला लावून नत्थुजी स्वतः अर्धा तास गॅरेजात बसले. मग घरी जाऊन बायकोला, जमुनेला, सांगितले की हे यंत्र दुसऱ्याच्या हाती देण्यासारखे नाही, विहीर होईपर्यंत मीच तिथे राहीन.

पहिले अकरा दिवस फार चांगले गेले. उकंडा आणि त्याची तीन माणसे खाली उतरत, नळी त्यांच्यात दगडाला बांधलेली असे, आणि ज्याला गुदमरल्यासारखे होई तो नरसाळ्यात तोंड घालून चार श्वास घेई. नत्थुजी जीपमध्ये घड्याळासमोर बसून असत. त्यांच्या लवकरच ध्यानात आले की खाली कोणी नरसाळ्याला तोंड लावले की काटा केसभर खाली येतो आणि पुन्हा जागेवर जातो. पुढेपुढे त्यांना माणसेही ओळखू येऊ लागली: उकंडाचा श्वास लांब, आणि त्याच्या भावाचा तुटक, चिलीम ओढणाऱ्याचा. पन्नास फूट खाली न दिसणाऱ्या माणसांची आपल्याला अशी खबर असावी याचे त्यांना मनातून सुख वाटे.

बाराव्या दिवशी दुपारी चौघेही वर आले आणि संत्र्याच्या झाडाखाली भाकरीची फडकी सोडून बसले. इंजिन बंद करायला नत्थुजींनी चावीकडे हात नेला, तेव्हा काटा खाली आला. केसभर खाली, पुन्हा जागेवर. पुन्हा खाली. त्यांनी झाडाकडे पाहून माणसे मोजली. चार होती. व्हॉल्व्ह अडकत असेल म्हणून त्यांनी तो उघडून पुसला, नळीचे जोड आवळले. काटा त्याच लयीत हलत राहिला, आणि ती लय चौघांपैकी कोणाचीच नव्हती. शेवटी जीपमधून उतरून त्यांनी विहिरीच्या काठाशी नळी दुमडून मुठीत घट्ट धरली. बसल्या जागेवरून घड्याळ दिसत होते. काटा स्थिर झाला. त्यांनी मनात वीस मोजले आणि मूठ सोडली.

काटा एकदम खोल गेला. पुन्हा गेला, पुन्हा गेला, सात-आठ वेळा घाईघाईने, आणि मग कुठे हळूहळू आपल्या लयीवर आला.

त्यानंतर इंजिन चालू होते तोवर नत्थुजींनी नळीला पुन्हा हात लावला नाही.

खुशालराव घरातून आले तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती आणि इंजिन चालूच होते.

“कावून चालू ठेवलं, नत्थुजी? सारे तं वर आले.”

“खाली कोणी हवा घेऊन राह्यलं,” नत्थुजी म्हणाले.

उकंडा हे ऐकून दोराने खाली उतरला. कंदील नेला होता, नळीच्या हवेमुळे आता तो विझत नव्हता; तळ दोन माणसे झोपतील एवढाच होता, दडायला कोपरा नव्हता. वर येऊन त्याने सांगितले की कोणी नाही. नरसाळ्याला तोंड लावून पाहिले का, असे खुशालरावांनी विचारले, तर तो बराच वेळ पंच्याने हात पुसत राहिला. नाही लावले, म्हणाला. का ते सांगवेना त्याला. दुसऱ्याच्या तोंडचा घास काढून घ्यावा तसे वाटले, एवढेच तो बोलला. दुसऱ्या दिवशी त्याची माणसे कामावर आली, पण कोणी उतरले नाही. बागेत बसून राहिली.

खुशालराव हिशेबी, सरळ माणूस. असल्या गोष्टी त्यांनी कधी मनावर घेतल्या नव्हत्या. ते ठामपणे जीपमध्ये चढले, चावीवर बोटे ठेवली आणि घड्याळाकडे पाहत राहिले. काटा हलत होता. थोड्या वेळाने ते उतरले आणि गड्याला पेट्रोलचे डबे आणायला वरूडला पाठवले. त्यांची बायको पार्बताबाई ताक घेऊन आली होती, तिने वाकून नुसता तळहात नळीवर ठेवला. तिला सहा मुले झाली होती, त्यांतली दोन राहिली होती. हात न उचलता ती नत्थुजींना म्हणाली, “भाऊ, हे बंद नोका करू.”

तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीला पाणी लागले. कोणी घण मारला नव्हता, सुरुंग लावला नव्हता. बाजूची एक भेग आपोआप उघडली आणि पांढरे स्वच्छ पाणी धो धो आत येऊ लागले. याच पाण्यासाठी दोन वर्षे त्या घराचा जीव टांगणीला लागला होता. पण नारळ फोडायचे कोणाला सुचले नाही. काठावर उभे राहून सगळे पाणी चढताना बघत होते. नळी ओढून घ्यावी असे प्रत्येकाला वाटत असणार, पण ओढली तर काय होईल हे कोणाला सांगता येत नव्हते, आणि नाही ओढली तर काय होईल तेही. संध्याकाळपर्यंत नळीच्या टोकावर पस्तीस फूट पाणी होते. नळीतून अखंड सुटणारी हवा खरे तर एकसारखी बुडबुडत वर यायला हवी होती. बुडबुडे येत, मग थांबत. पुन्हा येत. नत्थुजींनी घड्याळाशी ताडून पाहिले. काटा खाली जाई तेव्हा पाणी शांत असे, आणि तो वर आला की बुडबुडे फुटत.

खुशालरावांचा धाकटा भाऊ उद्धव अमरावतीला वकिली करी. घरच्यांना वेड लागले असे कोणी तरी कळवल्यावरून तो पाचव्या दिवशी मोटारीने आला. त्याने सगळ्यांना समोर बसवून शांतपणे प्रश्न विचारले: कोणी बेपत्ता आहे का, पंचक्रोशीत कोणी हरवले आहे का, विहिरीत पूर्वी कोणी गेले होते का. सगळ्यांचे उत्तर नाही असेच होते. मग, तो म्हणाला, हे यंत्र मी बंद करतो, जबाबदारी माझी. तो जीपमध्ये बसला, आणि आता हा तरी आपल्याला सोडवील अशा आशेने सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. तो खूप वेळ बसून होता. उतरला तेव्हा त्याने कोणाकडेच पाहिले नाही.

“याचं इंजिन आणखी किती दिवस टिकेल?” एवढेच त्याने नत्थुजींना विचारले.

नत्थुजींनी खरे ते सांगितले. आत बेअरिंग वाजू लागले होते. दोन दिवस, फार तर तीन. उद्धव त्याच मोटारीने दुसरा कंप्रेसर शोधायला नागपूरला गेला. तो वेळेवर येणार नाही हे नत्थुजींना माहीत होते, आणि त्यांना वाटले, उद्धवलाही होते.

ते दोन दिवस नत्थुजी इंजिनापासून हलले नाहीत. रेडिएटरमध्ये पाणी ओतले, तेल बदलता येत नव्हते म्हणून वरून वाढवत राहिले, थ्रॉटल शक्य तेवढा कमी केला. आयुष्यभर ज्या आवाजांवरून त्यांनी गाड्या वाचवल्या होत्या, तेच आवाज आता ते एकेक करून ऐकत होते आणि करण्यासारखे काही नव्हते. दुरुस्त करायचे तर बंद करावे लागले असते.

आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास इंजिन कडकडले आणि जाम झाले. बागेत एकदम इतकी शांतता पसरली की दूरच्या रस्त्यावरच्या बैलगाडीची घुंगरे ऐकू आली. टाकीत थोडी हवा होती. काटा उतरू लागला. प्रत्येक श्वासाला तो आधीपेक्षा जास्त खाली येई आणि आधीपेक्षा कमी वर जाई. खुशालराव, पार्बताबाई, उकंडा, सगळे घड्याळाभोवती उभे होते, आजारी माणसाच्या खाटेभोवती उभे राहावे तसे. पार्बताबाई पुटपुटत होती, “हळू घे, बाप्पा, हळू घे.” आणि काटा खरोखरच हळू हलू लागला. शून्याला टेकला. तिथेही एकदा थरथरला. मग हलला नाही.

विहिरीतले बुडबुडे थांबले होते.

दुसरे काहीच झाले नाही. ऊन चढले, झाडांवर पाखरे बोलत राहिली, पार्बताबाई डोक्यावरचा पदर सारखा करून घरात गेली. दुपार उलटल्यावर नत्थुजी आणि उकंडा यांनी मिळून नळी वर ओढायला घेतली. ती जड होती, ओली होती, हात निसटत होते. शेवटी दगड आणि त्याच्यामागून नरसाळे पाण्याबाहेर आले. उकंडाने ते हातात घेतले आणि नत्थुजींकडे दिले.

पस्तीस फूट पाण्याखालून आलेले ते नरसाळे आतून कोरडे होते, आणि कोणी नुकतेच तोंडापासून दूर केल्यासारखे उबदार.