बोटभर खोल

आमचे हे कारखान्यात टर्नर होते. कारखाना बंद झाला तेव्हा तिथला लोखंड कातायचा एक जुना लेथ यांनी घरी आणला आणि मागच्या धुण्याच्या खोलीत बसवला. लेथ घरात आला, धुणं न्हाणीघरात गेलं. निवृत्त माणसाच्या रिकाम्या हातांपेक्षा लेथचा आवाज परवडला, असं मी मनाशी म्हटलं.

आधी वाफेचं इंजिन झालं, मग पायाचं शिवणयंत्र, मग पाण्याचा पंप. सगळं तळहातावर मावणारं आणि सगळं चालणारं. त्या शिवणयंत्रावर मी एका रुमालाला टीपही घातली. दिसायला हुबेहूब आणि चालायला ठप्प अशी वस्तू यांना सोसत नाही. तसली वस्तू पाहिली की हे म्हणतात, "हा मुखवटा झाला."

मग संग्रहालयात यांनी एक जुनी चकमकीची बंदूक पाहिली. चाप ओढला की गारगोटी धरलेला घोडा पोलादावर आपटतो, ठिणगी पडते आणि दारू पेटते. तिथल्या साहेबांची परवानगी काढून यांनी तिची मापं घेतली. मूळ बंदुकीच्या एक तृतीयांश करायची, असं ठरवूनच घरी आले.

मी म्हटलं, "मारायची वस्तू माझ्या हातून घडायची नाही. हा नेम तुम्हाला ठाऊक आहे."

"तुझ्या हातून कुठे? माझ्या हातून घडेल."

"आणि तेल कोण ओततं?"

लांब भोक पाडताना यांचा एक हात चाक फिरवून ड्रिल पुढे सारतो आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं ड्रिलच्या दांड्यावर टेकलेली असतात. आत काय चाललंय ते बोटांना कळतं, असं हे म्हणतात. तेलाला तिसरा हात लागतो, आणि तो माझा. सकाळी माझी माळ होईपर्यंत मी बोलत नाही. त्या वेळात उजव्या हातात माळ आणि डाव्या हातात लांब चोचीची तेलाची बाटली घेऊन मी स्टुलावर बसते. नाम आणि तेल, दोन्हीला संथ लय लागते, त्यामुळे एकमेकांची अडचण होत नाही.

शेवटी तडजोड झाली. घोडा, चाप, लाकडी दस्ता सगळं खरं करायचं. नळीला मात्र तोंडाशी बोटभर खोल भोक, पुढे भरीव. ती बंदूक उडणार नाही, म्हणजे माझा नेम राहील. "दिला शब्द," असं हे म्हणाले, पण चेहरा कडू औषध घेतल्यासारखा.

यांचे मित्र घड्याळजी संध्याकाळी येऊन बसतात. त्यांच्या कानावर हे गेलंच.

"उस्ताद, भरीव नळी म्हणजे बंदूक नव्हे, ती दाराची कडी."

"बाहेरून कळणार नाही," हे म्हणाले.

"मला नाही कळणार. तुम्हाला झोप लागेल का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, रागावू नका. तुमच्या मौनाच्या वेळात येऊन बोलायला हवं होतं मी, उत्तर तरी आलं नसतं."

मी चहा पुढे केला.

घोडा झाला, चाप झाला, आतली स्प्रिंग दोनदा तुटून तिसऱ्यांदा झाली. नळीचा दिवस आला. पोलादी दांडा लेथवर फिरत होता. हे ड्रिल थोडं आत सारत, मागे ओढून पोलादाचा कीस झटकत; मी तेल सोडलं की पुन्हा आत. ड्रिलच्या दांड्यावर टोकापासून बोटभर अंतरावर निळ्या रंगाची खूण केली होती. बाटलीचा हात सवयीने चालत होता, मी डोळे मिटून जप करत होते.

आवाज उतरला. उथळ भोकाचा आवाज किरकिरा असतो, खोल गेलं की तो घशातला होतो. मी डोळे उघडले. निळी खूण दिसत नव्हती, ती केव्हाच आत गेली होती. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर दांड्यावर नेली.

माळ अर्ध्यावर होती. बोलायचं नव्हतं. हे यांनाही ठाऊक होतं.

मी बाटली टेबलावर ठेवली.

यांना तिथेच थांबता आलं असतं. पण यांनी दांड्यावरची दोन बोटं उचलली आणि बाटलीकडे हात नेला. चाकावरचा हात तसाच फिरत राहिला. टक् असा बारीक आवाज झाला. ड्रिल आतल्या आत मोडलं होतं.

यांनी मोटर बंद केली. मी त्याच स्टुलावर बसून माळ पुरी केली. उठून गेले असते तर ते रागाचं उठणं झालं असतं.

"झाली?" यांनी विचारलं.

"झाली."

"बाटली खाली ठेवलीस, ते बोलणंच झालं. तुझं मौन मोडलं."

"माझं मोडलं की नाही ते माझं मी पाहीन. तुम्ही तुमच्या शब्दाचं बघा."

हे चिंधीला हात पुसत राहिले. स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. मग एखादं माप सांगावं तसं म्हणाले, "तुझं मौन होतं म्हणून धाडस झालं."

मी ते तिथेच सोडलं. खरं बोलल्यावर माणसाला आणखी काय टोचायचं.

अडकलेला तुकडा निघेना. ती नळी भंगाराच्या डब्यात गेली. पुढे बरेच दिवस लेथ बंद होता. मी माळ घेऊन पुढच्या खोलीत बसू लागले. तेलाला हात हवा असं हे म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही. जेवताना भाजीत मीठ कमी आहे, नळ गळतो, एवढंच बोलणं होई.

एके दिवशी हे माझी माळ होईपर्यंत दाराशी उभे राहिले.

"जरा ये. काही करायचं नाही, नुसतं बघ."

लेथच्या वर छताच्या हुकाला तेलाची बाटली उलटी टांगली होती. तिच्या बुचातून बारीक नळी काढली होती, नळीला पितळेची इवलीशी तोटी. तोटी फिरवली की थेंब थेंब तेल बरोबर ड्रिलच्या तोंडाशी पडत होतं. लेथवर नवा दांडा बांधलेला होता.

"आता तुझा हात लागणार नाही," हे म्हणाले. "तुझा नेम राहतो, माझी नळी होते. साप मरतो आणि काठीही मोडत नाही."

मी तोटी फिरवून पाहिली, परत बंद केली. काम सुबक होतं.

"मग विचारता कशाला?"

"विचारत नाही. सांगतोय."

"सांगायला दाराशी एवढा वेळ कशाला उभं राहावं लागतं?"

हे तोटी बंद करू लागले. ती बंदच होती.

मी म्हटलं, "नेम माझ्या हाताचा आहे, तो राहील. शब्द तुमचा होता. त्यात माझा हात कधीच नव्हता."

"एवढं पितळ घासलं आणि तू हे सांगतेस."

"पितळ छान घासलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढच्या खोलीत बसले असता लेथ सुरू झाला. किती वेळ चालला ते सांगता येणार नाही. मी माळ मोजत होते. आवाज उतरला का, याकडे कान जात होता, तो मी पुन्हा पुन्हा नामाकडे आणत होते. माळ संपली तेव्हा लेथ बंद होता. मी मागच्या खोलीत गेले नाही. पाहायला गेले असते तर ती झडती झाली असती. नळी आता दस्त्यात बसेल आणि आत काय आहे ते मला कधी कळणार नाही, असंही होऊ शकेल, अशी मी मनाची तयारी केली. देवाकडे मागायचं तर काय मागावं तेही ठरेना. म्हणून काही मागितलं नाही.

बंदूक पुरी झाली त्या संध्याकाळी घड्याळजी आले. यांनी ती कापडातून काढून त्यांच्या हातात दिली. हातभर लांब, दस्त्याला तेल पाजलेलं, घोड्याच्या जबड्यात गारगोटीची कपची. घड्याळजींनी ती फिरवून पाहिली, भिंग लावून स्क्रूची डोकी पाहिली, आणि मग नळीचं तोंड डोळ्याकडे नेलं.

ते काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "बोटभरच आहे. पुढे भरीव."

"एवढं सगळं करून?"

"हो."

"वहिनींचा हुकूम?"

मी दाराशी कपबशा घेऊन उभी होते. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"नाही. मी शब्द दिला होता."

घड्याळजींनी भिंग खिशात ठेवलं. मी चहा ठेवला आणि खुर्ची ओढून बसले. यांनी बंदूक परत घेतली, घोडा मागे ओढला, चाप दाबला. ठिणगी उडाली आणि विझली.

"परत एकदा," घड्याळजी म्हणाले.

यांनी परत घोडा ओढला.