पिवळं कुणाचं

"जगन, तुमच्यात हळद असते का रे?"

शनिवारी नूतन मॅडमनी गाडीतून उतरता उतरताच विचारलं. अजून दुसरा पाय जमिनीला लागायचा होता.

"असती मॅडम," जगन म्हणाला. "आमच्यात बी पिवळीच असती."

मागं उभ्या असलेल्या गोरखनं हसू खोकल्यात घालवलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मोबाईल जगनच्या नाकापुढं धरला. बघायची गरज नव्हती. तो फोटो जगननं काल दिवसभरात वीस वेळा बघितला होता: जांभळाच्या सावलीतला कोपरा, पायऱ्या, निळ्या फरशीवर पसरलेला पिवळा थर. खाली गोरखनं लिहिलं होतं, 'जगनच्या पोरीची हळद आपल्याकडंच झाली वाटतं. नवरी पुलात न्हाली.' पुढं हसणारी दोन तोंडं.

'पूल' या शब्दाची पानशेतकडं एक गंमत आहे. जगनच्या वाडीनं ओढ्यावर पूल द्या म्हणून वीस वर्षं अर्ज केले. एके दिवशी बातमी आली, पूल मंजूर झाला, कामाला माणसं पाहिजेत. माणसं घमेली घेऊन आली तेव्हा कळलं की तो पोहायचा पूल आहे, आणि मॅडमच्या अंगणात व्हायचा आहे. त्या दिवसापासून वाडी त्याला टाकीच म्हणते. जगन तिथं पहिल्यांदा खणायला आला आणि पुढं सांभाळायला राहिला, त्याला आता सात वर्षं झाली. एवढ्या काळात तो त्या पाण्यात कंबरेपर्यंत उतरला तो फक्त ब्रश हातात धरून.

गोरखचंही सांगायला हवं. याच डोंगरातली त्याच्या बापाची जमीन विकून बंगले झाले, आणि त्याच बंगल्यांचा तो मॅनेजर झाला. जमीन होती तोवर तो जगनला 'जगनतात्या' म्हणायचा. गळ्यात ओळखपत्र आलं तसा 'तात्या' गळाला. मॅडम तर ब्रुनो कुत्र्याला शिकवायला येणाऱ्या पोराला 'अहो' म्हणत आणि चोपन्न वर्षांच्या जगनला 'अरे'. ज्याची त्याची मोजपट्टी.

बुधवारी बुद्ध विहारात जगनच्या सारिकाचं लग्न लागलं. हळद मंगळवारी, घराच्या दारात, पत्र्याच्या मांडवाखाली झाली. वाडीच्या नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून जगनच्या बायकोनं, छायानं, आदल्या दिवशीच चार पिंपं भरून ठेवली होती. लग्नासाठी जगननं सोमवार ते गुरुवार रजा घेतली. चार दिवस टाकीत क्लोरिन टाकायचं आणि ब्रश मारायचं गोरखनं कबूल केलं होतं. "तू पोरीचं बघ, टाकीचं माझ्यावर सोड," असं म्हणून त्यानं लग्नात दोन वेळा बुंदीही वाढून घेतली. टाकी मात्र खरोखरच सोडून दिली. पिवळं दिसल्यावर आपलं नाव निघायच्या आत त्यानं दुसऱ्याचं काढलं.

हे सगळं गिळता आलं असतं. पण गोरखनं फोटो टाकला त्या बंगल्यांच्या ग्रुपवर मालकांबरोबर राखणदारही होते, आणि तिसऱ्या बंगल्याचा राखणदार सोनबा हा सारिकाच्या नवऱ्याचा, प्रेमचा, चुलता. फोटो रात्रीत सारिकाच्या सासरी, गुंजवण्याला पोचला. शुक्रवारी सकाळी सारिकाचा फोन.

"पप्पा, हितं सासूबाई विचारत्यात, चोरून न्हायलीस का गं मालकांच्या टाकीत? हसत्यात, पन विचारत्यात."

"तू काय म्हनलीस?"

"न्हाई म्हनलं. तर म्हनत्यात, मग फोटो कसा आला?"

सोमवारी जोडपं मांडवपरतणीला यायचं होतं. त्याच्या आत हे पुसायला हवं होतं, आणि लिहिलं होतं तिथंच पुसायला हवं होतं.

"पाणी काढून टाक," मॅडम म्हणाल्या. "सगळं. फरशी ॲसिडनं घास आणि टँकर मागव. उद्या मुलं येणार आहेत."

"सगळं पाणी?"

"मग काय? किती जण उतरले असतील, कोण कोण असेल... सांगता येतं का?"

जगननं ब्रुनोकडं बघितलं. तो टाकीच्या काठावर पुढचे पंजे पाण्यात सोडून जीभ काढून बसला होता.

"मॅडम, होळीला ह्यो टाकीत पोहला. तवा तुमी म्हनलात, जरा औषध जास्त टाक. दिवाळीत पाव्हण्यांच्यातल्या एकानं पायरीवर उलटी केली. तवा बी औषधावर भागलं. सात वर्सांत कदी पाणी काढलं न्हाई. आन माझ्या लेकीचं नुसतं नाव निघालं, तर नऊ टँकर पाणी वड्याला?"

"आवाज खाली ठेव," गोरख म्हणाला.

"माझा हाय तेवढाच हाय. तू ग्रुपवर लिवलंस ते केवढ्या आवाजात व्हतं?"

मॅडम चपापल्या. जगनला असं बोलता येतं हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "जगन, मी भेदभाव वगैरे मानत नाही, तुला माहितीये. प्रश्न स्वच्छतेचा आहे. फोटोत सरळ हळद दिसतेय."

"मग हळद हाय का ते बघू."

तो पंपाच्या खोलीत गेला. येताना त्याच्या हातात पांढऱ्या काचेच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या, धुण्याच्या सोड्याचा डबा, आणि छायानं भाकरीबरोबर दिलेली हळदमिठाची पुडी. दोन्ही बाटल्यांत त्यानं टाकीतलं पाणी घेतलं, सोडा टाकून हलवलं. मग पाण्यात हात घालून पायरीवरचं पिवळं खरवडलं. बोट लागताच ते धुरासारखं उठलं. हाताला आलं तेवढं त्यानं एका बाटलीत सोडलं. दुसरीत चिमूटभर हळद.

हळद लाल झाली. कुंकवासारखी लाल.

पहिली बाटली पिवळीची पिवळी राहिली.

हे मॅडमना समजावून सांगायला लागलं नाही. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे पाटावर बसून हळद लावून घेतलेल्या कुठल्या बाईला ठाऊक नसतं? त्यांच्या तोंडावर क्षणभर स्वतःच्या लग्नातलं पिवळं लुगडं येऊन गेलं असावं. लगेच गेलंही.

"मग हे आहे काय?"

"शेवाळ. समदं शेवाळ हिरवं नसतं मॅडम. ह्ये सावलीच्या अंगाला बसतं, मातीगत दिसतं. ब्रश मारला की जातं आन दोन दिसांनी तिथंच परत येतं. औषध कमी पडलं की ह्येचं फावतं." बोलताना तो गोरखकडं बघत होता. "आन आजून सांगतो. कचरा काढायच्या माझ्या जाळीत काय येतं त्यावरनं कोन येऊन गेलं ते मला कळतं. हळदीच्या बाया टाकीत उतरल्या आसत्या, तर एक तरी बांगडीची काच गावली आसती. एक झेंडूची पाकळी, एक तांदूळ. शुक्रवारी जाळीत काय व्हतं? जांभळाची पानं आन एक मेलेला बेडूक."

"पण पूर्वी कधी झालं नव्हतं. आलं कुठून?"

जगन याच प्रश्नाची वाट बघत होता. त्यानं वही काढली. सारिकाची दहावीची भूगोलाची वही, उरलेली पानं त्यानं टाकीला दिली होती. रोज पाण्याची तपासणी, रोज जाळीत आलेला कचरा. त्यानं पान उघडून मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, मोठ्यानं वाचायला सुरुवात केली म्हणून शेवटपर्यंत मोठ्यानंच वाचावं लागलं.

'रविवार. सकाळी जाळीत पानं, भुंगे तीन, केसाचा लाल रबर एक. दुपारी मॅडमची पोरं धरणावरून आली. रबरी होडी एक, पोहायची जॅकिटं पाच, सगळी ओली, शेवाळ लागलेली. थेट टाकीत घातली. आधी धुवा म्हणून सांगितलं. ऐकलं नाही.'

"म्हणजे आम्ही आणलं म्हणतोस?"

"धरणातलं शेवाळ वल्या कापडातनं येतं, मॅडम. म्या न्हाई, औषधवाला म्हनतो. त्याला फोन लावा."

मॅडमनी फोन लावला नाही. वही मिटून परत दिली. गोरखला अचानक गेटवर काम निघालं.

"बरं. पाणी राहू दे, काढू नकोस," त्या म्हणाल्या. त्यांच्या लेखी माफी मागून झाली होती.

"ते झालं. ग्रुपवर तेवढं लिवा."

"काय लिहू?"

"हळद न्हाई, शेवाळ हाय. जगनच्या लेकीचा संबंध न्हाई. एवढंच."

"अरे, बाकीचे मालक आहेत त्यात! एवढ्याशा गोष्टीवर काय... थांब." त्यांनी मोबाईलवर दोनदा बोट टेकलं. "हे बघ. ग्रुप माझाच आहे, काढून टाकला फोटो. सगळ्यांच्या मोबाईलमधून गेला. झालं?"

"मॅडम, चोर म्हनायचं आन मागनं चूळ भरून मोकळं व्हायचं. झालं व्हय?"

"जगन, आता पुरे!"

जगननं वही उघडली. वहीत बघून म्हणाला, "औषध आता टाकतो. पन नुसतं पाणी सुधारून भागत न्हाई. होडी, जॅकिटं, आन त्या दिवशी जे जे धरणात न्हाईतर टाकीत उतरले त्यांचे पोहायचे कपडे, समदं क्लोरिनच्या पाण्यात भिजवाय पायजे. तुमचे बी. न्हाईतर परत तेच. तवर कुनी टाकीत उतरू नका."

"माझा कॉस्च्यूम नवा आहे!"

"सांगता येतं का मॅडम," जगन म्हणाला, "कोन कोन उतरलं आसंल."

दुपारी दोरीवर सगळ्या घराचे पोहायचे कपडे वाळत होते. मॅडमच्या जांभळ्या कॉस्च्यूमला खांद्यापाशी पांढरे डाग पडले होते.

जगननं त्या दोन बाटल्या गेटच्या खांबावर नेऊन ठेवल्या. वहीचं पान फाडून खाली दगडानं दाबलं: 'ही लाल ती हळद. ही पिवळी ते शेवाळ. दोन्हीत सोडा आहे.' संध्याकाळी सोनबा सायकलवरून उतरून बाटल्यांपुढं उभा राहिला. चिठ्ठी दोनदा वाचली.

"जगनराव, मला काय सांगायची गरज हाय व्हय?"

"तुमाला न्हाई. गुंजवण्याला सांगा."

"सांगतो की." सोनबानं टायर चाचपला. "पन त्यो फोटू बघाय सोपा व्हता ओ. ह्ये वाचाय लागतंय."

सोमवारी मांडवपरतणीला प्रेम आणि सारिका आले. एसटीतून उतरून वाडीकडं जाताना वाट बंगल्याच्या गेटवरूनच होती. जगन तिथं उभाच होता. सारिकाच्या मनगटाला अजून हळकुंड बांधलेलं होतं. ती बापाच्या पाया पडली. प्रेम खांबाजवळ थबकला. चिठ्ठी वाऱ्यानं उडाली होती, निदान गोरख तसं म्हणत होता. दोन दिवसांच्या उन्हात लाल बाटली पार उतरून गेली होती, आता साधं पाणी वाटावं इतकी. पिवळी मात्र तळातून वर चढली होती.

प्रेमनं त्या पिवळीला बोट लावलं. वाईट पोरगा नव्हता, खरंच विचारत होता.

"मामा, हीच व्हय ती हळद?"

सारिका काही बोलायला गेली. जगननं हातानंच तिला थांबवलं. फिकी बाटली घेतली, जांभळाच्या बुडाशी ओतली, नळावर विसळून भरली. खिशातून सोड्याची पुडी काढली, हळदीची काढली. चिमूट टाकून, झाकण लावून हलवली आणि लाल झालेली बाटली परत जागेवर ठेवली.

"रोज करून ठेवाय लागती," तो म्हणाला.

दुसरीला काही करावं लागत नव्हतं. ती आपोआप वाढत होती.