बदलीवाल्यांची फ्लॉपी

गुणाजीकाकांचं नाव सापडलं नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. आपण सोमवारपासून सुरू करू, तेव्हा सगळ्यांना आशा होती.

मी लालबागला एका पोटमाळ्यावर जुने लॅपटॉप दुरुस्त करतो. गिऱ्हाईकं नसतात, त्यामुळे गर्दीचा त्रास नाही. सोमवारी घोडपदेवहून गुणाजी तावडे आले, वय त्र्याहत्तर. मागून बाबुराव, बंद गिरणीच्या युनियनचे जुने क्लार्क, नातवंडाला धरावं तसा सत्त्याण्णव सालचा लॅपटॉप छातीशी धरून.

गुणाजीकाका गिरणीत आठ वर्षं बदली कामगार होते. म्हणजे रोज गेटवर उभं राहायचं आणि एखादा कायम कामगार आजारी पडू दे म्हणून देवाला साकडं घालायचं. आता गिरणी कामगारांच्या घरासाठी त्यांना शुक्रवारपर्यंत त्या आठ वर्षांचा पुरावा द्यायचा होता. हजेरीपुस्तक बाबुरावांनी या लॅपटॉपमध्ये अक्षरन्‌अक्षर टाइप केलं होतं. मग रद्दीत घातलं होतं.

"रद्दीत?"

"कॉम्प्युटरवर आलं ना सगळं. कागदाला वाळवी लागते रे."

हार्ड डिस्क मेलेली होती. तिच्या जागी मी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड बसवलं. मशीन सुरू झालं, पण आत काहीच नाही.

"फ्लॉप्या आहेत," म्हणत बाबुरावांनी पिशवीतून नऊ फ्लॉप्या काढल्या.

फ्लॉपी ड्राइव्हचा रबरी पट्टा वितळून काकवी झाला होता. तो खरवडून नवा बसवण्यात बुधवार गेला. गुरुवारी दोघं पुन्हा हजर. पहिली फ्लॉपी उघडली: सत्यनारायणाचं निमंत्रण. तिसरीत मोर्चाच्या घोषणा. सहावीत कायम कामगार, बापाच्या नावासकट.

"सातवी बदलीवाल्यांची," बाबुराव म्हणाले.

"बघ रे मयूर, माझा नाव आसा काय," गुणाजीकाका मला म्हणाले.

सातवी आत गेली आणि ड्राइव्ह सुपारी कातरल्यासारखा वाजायला लागला. मी फ्लॉपी काढली, पत्रा सरकवला. आतली काळी चकती लाल-पिवळी.

"हे काय?"

"हळदकुंकू. दर दसऱ्याला. यंत्राची पूजा नको?"

"अहो, वरून लावायचं ना!"

"वरून प्लास्टिक असतं. माणसं आत."

"आणि बाकीच्या आठ?"

"पूजा एकीचीच. गरिबांची होती, म्हणून हीच निवडली."

मी स्पिरिटनं पुसली. कुंकू निघालं. खालचा काळा लेपही निघाला, आणि नावं त्या लेपातच होती.

गुणाजीकाकांनी कापसाचा काळा बोळा उचलून उजेडात धरला. "मेल्या बाबुराव, आठ वर्सां मी गेटार उभो रवलंय. तू माका एका दमात पुसून टाकलंस."

"मनापासून केलं रे, गुणाजी."

"ताच तर."

शुक्रवारी बाबुरावांनी त्याच लॅपटॉपवर अर्ज टाइप केला. मशीन झकास चाललं. अर्ज असा:

"मा. अधिकारी महोदय, अर्जदार सन १९७४ ते १९८२ या कालावधीत गिरणीत हजर असल्याचा कोणताही पुरावा अर्जदाराकडे नाही. तरी अर्जदार सदर कालावधीत अन्यत्र कोठे होता, याचा पुरावा आपल्या कार्यालयाने पंधरा दिवसांत सादर करावा. तसे न झाल्यास सदर आठ वर्षे अर्जदारास सुस्थितीत परत करण्यात यावीत, ही नम्र विनंती."