तोटीवरचं प्लास्टिक

"अहवालात चौथ्यांदा फोटो लावतेय मी, बाई! माझ्या लग्नाच्या अल्बमचीसुद्धा कुणी एवढी हौस केली नव्हती," शेजारच्या खुर्चीतली टायपिस्ट पुटपुटली.

अर्थतज्ज्ञ बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. वीस वर्षं सरकारी योजनांचं मोजमाप करून त्यांचे डोळे आणि उत्साह दोन्ही थकले होते. या खेपेची योजना होती घरोघरी वाटलेल्या पाण्याच्या फिल्टरची. शंभरातली ब्याण्णव घरं फिल्टर वापरतात, असं अहवाल सांगत होता. पाच वाजेपर्यंत बाईंची सही झाली, की आणखी दोनशे गावांत हेच फिल्टर जाणार होते.

"करून टाका ना सही, मॅडम. आकडे झकास आहेत," दारातून साहेब म्हणाले.

बाईंनी घरांच्या पाहणीतला एक फोटो पडद्यावर मोठा केला. फिल्टर पुसून लख्ख, पाण्याने काठोकाठ भरलेला. पण तोटीवर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच गुंडाळलेलं. पुढच्या फोटोत तेच. शेवटच्या फोटोपर्यंत तेच.

"तुला दिसलं होतं?" त्यांनी टायपिस्टला विचारलं.

"पहिल्याच खेपेला," ती नखं बघत म्हणाली. "साहेबांनाही दिसलंय."

साहेबांना एकदम दाराची कडी तपासावीशी वाटली.

पाहणीच्या आदल्या दिवशी त्या त्या घरी फोन करायचा, हा नियम बाईंनीच घातला होता, माणसं भेटावीत म्हणून. फोन आला की लोक माळ्यावरचा फिल्टर काढून, पुसून, भरून ठेवत असणार. पाहुणे यायचे म्हणून.

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"साहेब, हे फिल्टर कुणीही वापरत नाही. आणि वापरतोय असं दाखवायची वेळ लोकांना मीच कळवत होते."