वरच्या फळीवरचे पाहुणे

टाउनोचा नियम होता, पहिला पिकलेला टोमॅटो खायचा नाही. तो बियाण्याचा. जुलै सरता सरता लाकडाच्या कोठाराच्या दक्षिण भिंतीशी कुठल्या तरी एका झाडावर एक फळ सगळ्यांच्या आधी लाल व्हायचं. टाउनो त्या झाडाला चिंधी बांधायचा आणि त्याच्या बायकोला, हेल्मीला, ते फळ नुसतं बघायला मिळायचं. "दुसरा तुझा," म्हणायचा. दुसरा यायला आणखी आठवडा लागायचा. अशी एकतीस वर्षं.

दरवर्षी सगळ्यांत घाईचं फळ निवडून निवडून त्यानं आपला टोमॅटो घडवला होता. लहानसा, जरा चपटा, देठाशी हिरवट, आणि सरोवराच्या वाऱ्याला न भिणारा. मिशिगनच्या या वरच्या टोकाला लोकांचे टोमॅटो हिरवेच उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात जायचे. टाउनोचे झाडावर लाल व्हायचे. गावातली दहाबारा घरं जून उजाडला की त्याच्या दारात रोपं न्यायला उभी. बी मात्र कुणी धरत नसे. कशाला धरायचं? टाउनो होता ना.

मागच्या सप्टेंबरात टाउनो गेला. त्याला पोचवून आले त्याच आठवड्यात दंव गोठलं. कोठाराशी झाडांचा पाला काळा पडला, उरलेली फळं पिलपिलीत होऊन मातीत गळली. हेल्मीनं त्या तुकड्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. खुंटे तसेच, खुंट्यांना बांधलेल्या चिंध्या तशाच. जाऊ लेम्पी रस्त्यापलीकडे राहायची. तिच्यानं गप्प बसवेना.

"हेल्मी, अगं बाग अशी उघडीवाघडी टाकून कुणी बर्फाला देतं का? टाउनोनं बघितलं असतं तर पुन्हा मेला असता."

"मग बरंय ना, बघत नाहीये," हेल्मी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

घर हेल्मीचं, बाग टाउनोची, अशी पन्नास वर्षांची वाटणी. पण मार्चमध्ये, खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ असताना, हत्यारांच्या खणात तिला एक पाकीट सापडलं. चर्चमध्ये दान टाकायचं असतं तसलं. वर टाउनोच्या तिरक्या अक्षरात मागच्या वर्षीची तारीख आणि एकच शब्द: 'पहिला'. जुन्या पाकिटांचा डबा तिनं शोधला, तर तो उंदरांनी कधीच रिकामा केलेला. हातात होतं ते एवढंच. निम्मं बी मागे ठेवायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. सगळं पेरलं.

बावीस रोपं आली. कागदी पेल्यांत, स्वयंपाकघराच्या खिडकीत, सूर्य जाईल तिकडे मान वळवत. सकाळी कॉफी घेताना हेल्मी पेले अर्धा फेरा फिरवून ठेवी. "इकडं बघा जरा," म्हणे. घरात बोलायला कुणी असावं, एवढंच.

मे आला. परसातल्या भूर्जाला पालवी फुटली, आणि सासूबाईंचं जुनं गाणं हेल्मीच्या ओठांवर आपोआप आलं:

*भूर्जाच्या डहाळीला उंदराचे कान,*
*बटाट्याचं बेणं मातीला दान.*

पानं खरंच उंदराच्या कानाएवढी झाली तेव्हा धाकटा दीर, लेम्पीचा नवरा वेइको, माती उकरायचा टिलर घेऊन आला. बटाट्याची जागा, वाटाण्याची जागा, मुळ्याची जागा भुसभुशीत करून गेला. कोठाराशी टोमॅटोचा तुकडा तेवढा राहिला. "तो शेवटी," हेल्मी म्हणाली. वेइकोनं का म्हणून विचारलं नाही. तो तसा फारसं काही विचारणाऱ्यांतला नव्हताच. अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यानं खर्चलेले शब्द एका पोत्यात मावले असते, आणि लेम्पीला वाटे, त्यातलेही काही परत घ्यावेत.

टोमॅटोसाठी गाण्याचं दुसरं कडवं होतं:

*लायलॅकचा मोहर मातीवर झडू दे,*
*मगच टोमॅटोचं पाऊल घराबाहेर पडू दे.*

जूनचा दुसरा आठवडा आला तरी लायलॅकची जांभळी फुलं फांदीवरच. हेल्मी रोपांना वारा दाखवत होती: दिवसा पायरीवर, संध्याकाळी आत. आत म्हणजे सॉनात. परसातलं ते वाफेचं लाकडी न्हाणीघर टाउनोनंच बांधलेलं. शनिवारी तापलं की पुढं दोनतीन दिवस ऊब धरून ठेवी, आणि एरवीही जाड लाकडी भिंतींच्या आडोशानं रात्रीचा गारठा आत येऊ देत नसे. वरच्या फळीवर, जिथं टाउनो पाय दुमडून बसायचा, तिथं दक्षिणेची छोटी खिडकी होती. बावीस पेले बरोब्बर मावले. शुक्रवारी रेडिओनं दंवाचा इशारा दिला, शनिवारी सकाळी सरोवरावरून बोचरा पाऊस आला. म्हणून हेल्मीनं रोपं आतच राहू दिली आणि ती लेम्पीबरोबर नातीच्या शाळा संपल्याच्या जेवणाला गेली.

घरात भांडी न घासता नुसतं बसून राहणाऱ्या माणसाला चांगली बुद्धी सुचते ती नेमकी अशा वेळी. वेइकोला वाटलं, वहिनी दमून येईल. लाकडं तरी तिनं का वाहायची? दुपारी दोनला तो आला. चुलीचं तोंड बाहेरच्या खोलीत, कपडे बदलायच्या. आतलं दार उघडायची गरजच नव्हती. त्यानं भूर्जाची साल पेटवली, मॅपलचे ओंडके सारले आणि पायरीवर पाइप ओढत बसला. चुलीनं सूर धरला.

चार वाजता हेल्मी परतली. धुरांड्यातून निळा धूर सरळ वर चाललेला.

"वेइको," ती हळूच म्हणाली, "काय केलंस?"

"तापवला," वेइको म्हणाला. जरा खूश होऊनच. "आज शनिवार."

हेल्मीनं आतलं दार उघडलं. उष्म्याची लाट अंगावर आली. वरच्या फळीवर बावीस रोपं पेल्यांच्या कडेवरून खाली लोंबत होती. शिजलेल्या पालकासारखी, काळपट, चकचकीत. आणि वास, उन्हातल्या टोमॅटोच्या पाल्याचा, ऑगस्टचा. टाउनोच्या शर्टाचा.

ती एकेक पेला बाहेर आणून पायरीवर मांडत राहिली. वेइको पाइप हातात धरून उभा. तो म्हणाला, "मी दार उघडायला हवं होतं."

"हो."

"जगतील?"

हेल्मीनं एक रोप वर उचललं. ते तिच्या बोटावरच मुरडून पडलं. बुंध्यापर्यंत पाणी झालं होतं.

मागून लेम्पी आली. पायरीकडे बघून तिच्या लक्षात आलं. "अरे देवा! वेइको, तू भावाचा टोमॅटो आंघोळीला बसवलास?" कुणीच हसलं नाही. तिचीच मान खाली गेली. पाऊस थेंब थेंब पडत होता.

मग हेल्मी म्हणाली, "तापलाय तर आंघोळ करून घ्या. ओंडके कशाला वाया?"

आधी दोघी जावा बसल्या. दगडांवर पाणी ओतलं की सूंऽऽ करून वाफ उठे, आणि वाफेत चेहरा कशानं भिजलाय, घामानं की आणखी कशानं, ते विचारायची चाल त्या घरात नव्हती. नंतर वेइको एकटाच गेला. तो वरच्या फळीवर बसला नाही. खाली, लहान मुलं बसतात तिथं बसला आणि लवकर बाहेर आला. कॉफी झाली, वेलदोड्याचा गोड पाव झाला. जाताना तो दारात थबकला.

"वहिनी, रागावलीस?"

"रागावले," हेल्मी म्हणाली. "जा आता."

रविवारी तिनं दहाबारा घरांत फोन केले. यंदा रोपं नाहीत. कुणाकडे टाउनोचं जुनं बी राहिलंय का? एकीनं फ्रीज धुंडाळला, एकानं तळघर. सगळीकडे तेच उत्तर: "अगं आम्ही कधी धरलंच नाही. तोच देत होता ना." फोन ठेवून हेल्मी रिकाम्या खिडकीपाशी बसली. तिला वाटलं, माणूस सप्टेंबरात पुरला, आता जूनमध्ये त्याचं उरलेलंही आपण पुरलं. एक पाकीट हाती लागलं होतं, आणि ते आपण एकाच घासात संपवलं.

गुरुवारी ऊन पडलं. लायलॅकचा जांभळा सडा परसात पडलेला. वेइको टिलर ढकलत आला. टिलरच्या पुढच्या पत्र्यावर दुकानातली सहा रोपं बांधलेली, प्रत्येकाला प्लास्टिकची चिठ्ठी. त्यानं ती पायरीवर उतरवली आणि मान खाली घालून म्हणाला, "ह्यांची काही त्याच्याशी बरोबरी नाही. पण जागा रिकामी नको."

हेल्मीनं चिठ्ठी वाचली. फळाचं चित्र हातभर, दिवस नव्वद. इथल्या उन्हाळ्यात नव्वद दिवस म्हणजे तळघर आणि वर्तमानपत्र. पण तिनं मान हलवली. "कर सुरू. कधीतरी करायचाच आहे तो तुकडा."

त्यानं दोर ओढला. टिलर ठसकला, गुरगुरला, धूर सोडून चालू लागला. वेइकोच्या कानाचं यंत्र खिशात. टिलर चालवताना तो नेहमीच काढून ठेवी. हेल्मी पुढं जाऊन खुंटे उपटू लागली. पहिल्या खुंट्याची चिंधी ऊनपावसानं पांढरी पडलेली. ती सोडायला वाकली तेव्हा खुंट्याच्या पायाशी तिला हिरवा गालिचा दिसला. चाकवत असेल, किंवा काहीही. न झाडलेल्या जागेत तण यायचंच. तिनं मूठ भरली, उपटलं, आणि हात तिथंच थांबला.

देठांना बारीक लव. दोन लांबट पानं आणि त्यांच्या मधून तिसरं, कातरलेल्या कडांचं. तिनं ते बोटांत चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

ऑगस्ट.

"वेइको!"

टिलर चालतच होता.

"वेइको! थांब!"

तो मान खाली घालून, अपराध्यासारखा, सरळ रेषेत पुढं येत होता. दोन खुंट्यांचं अंतर उरलं. पंचाहत्तरीची हेल्मी उठली आणि टिलरसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. मूठभर हिरवं हातात, पायांत रबरी बूट. वेइकोनं वर बघितलं, दांडा सोडला, आणि यंत्र एक उचकी देऊन गप्प झालं.

"वेडी झालीस? पाय गेले असते!"

"खाली बघ."

त्यानं बघितलं. मग गुडघ्यावर बसला. त्याला तेवढं करायला वेळ लागला. खिशातून चष्मा काढला, कानाचं यंत्र काढलं, दोन्ही लावली. जसं काही रोपं बोलणार होती.

"ही कुणी लावली?"

"कुणी नाही. मागच्या सप्टेंबरात इथंच गळली होती फळं. मी उचलली नाहीत." मुठीतली रोपं तिनं पुन्हा मातीत टेकवली. "मला त्या तुकड्यात पाय टाकवेना."

वेइको एकेका रोपाभोवतीची माती बोटानं सारत होता. एवढ्या थंडीत, पाच फूट बर्फाखाली, कुजक्या सालीत गुंडाळून ती बियाणी निजली होती, आणि दक्षिण भिंतीची माती तापल्यावर आपल्या वेळेनं उठली होती. मोजायची सोय नव्हती इतकी. एकेका ठिकाणी झुबकेच.

"उशीर झालाय," तो शेवटी म्हणाला. "महिनाभर मागे आहेत."

"टाउनोचा टोमॅटो घाईचा आहे. सप्टेंबरच्या मध्याला येईल."

"दंव येईल."

"मग चादरी घालू. सगळ्या चादरी घालू. तुझ्यासुद्धा."

वेइकोनं मान हलवली. मग, त्याच्या हिशेबानं मोठं भाषणच म्हणायचं, तो म्हणाला, "वहिनी, तू त्या वेळी बाग साफ केली असतीस तर आज काही नसतं."

"हे लेम्पीला सांग."

"तूच सांग. माझं ती ऐकत नाही."

हेल्मी हसली. सप्टेंबरनंतर त्या कोठाराच्या भिंतीशी पहिल्यांदाच. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं मातीच्याच हातानं पुसलं, त्यामुळे दिवसभर गालावर काळा पट्टा राहिला.

दोघांनी मिळून तीस दणकट रोपं भिंतीशीच लावली, खुंट्याला एक. उरलेली कागदी पेल्यांत भरली. शुक्रवारी हेल्मीनं पुन्हा फोन केले, आणि दुपारपर्यंत दारात नेहमीसारखी रांग लागली. पण या खेपेला ती पेला सहज सोडेना.

"एक अट आहे," ती प्रत्येकाला सांगे. "पहिला पिकेल तो खायचा नाही. बी काढायचं. निम्मं पेरायचं, निम्मं ठेवायचं."

"पहिलाच? अगं हेल्मी, तोंडाला पाणी सुटतं गं वर्षभर," लेम्पी म्हणाली.

"मी एकतीस वर्षं बघत बसले. तू एक वर्ष बघ."

लेम्पीनं पेला छातीशी धरला आणि रस्ता ओलांडताना मोटार येत नव्हती तरी दोनदा थांबून बघितलं.

वेइको मात्र रांगेत नव्हता. शनिवारी दुपारी तो लाकडाची मोळी घेऊन परसात आला. हेल्मी वाटाण्याच्या वेलांना काड्या लावत होती. तिनं मान वर केली नाही, पण कान तिकडेच होते. सॉनाचं बाहेरचं दार वाजलं. मग आतलंही वाजलं. आणि तिला त्याचा आवाज ऐकू आला, वरच्या फळीला उद्देशून, अगदी अदबीनं:

"आत कुणी बसलंय का?"

"नाही रे," हेल्मी बाहेरून म्हणाली. "पेटव."