उरलेल्या आठ शिड्या

मित्रांनो, मी शिड्यांच्या कारखान्यातला एक जुना शिक्का आहे. लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर उलटा कोरलेला एकच शब्द: 'तपासले'. ज्या कारागिराने मला घडवले, त्याला 'ले'ची मात्रा तुटकी वाटली म्हणून त्याने मला पुन्हा कोरले. मला वाटले, जगात सगळेच असे नीट काम करत असतील.

माझे काम सोपे. शिडीच्या पायरीला वजन टांगायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि पायरी वाकली नाही तर त्या शिडीच्या कागदावर मी उठायचे. पहिली पंधरा वर्षे मी तपासनीस काकांच्या हातात होतो. काका भला माणूस. कुणाला नाही म्हणणे त्यांच्या जिवावर यायचे. घाईचे दिवस आले की कोऱ्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढून ते मला आगाऊच उठवून ठेवत. "बिचारे घाईत असतात," म्हणत. सगळे त्यांच्यावर खूश. मी मात्र खणात पडल्या पडल्या तळमळत असे. ती शिडी कुठे गेली असेल? आत्ता तिच्यावर कोण चढले असेल?

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत एक मुलगी आली. सहा महिने उमेदवारी, मग कायम. आई आणि शिकणारी बहीण, दोघींचे घर हिच्याच नोकरीवर. पहिल्याच आठवड्यात व्यवस्थापक साहेब दारातून म्हणाले, "काकांची खुर्ची घेतलीस, तसा स्वभावही घे. दे इकडे शिक्का." तिने दिला. साहेबांनी मला पाच कागदांवर धडाधड उठवले. नंतर ती त्या पाच शिड्या शोधायला बाहेर धावली, पण गाडी निघून गेली होती.

त्या दिवसापासून मी खणात राहिलो नाही, तिच्या खिशात राहू लागलो. तिथे स्वस्थता कसली? तिचे हृदय कानाशी धडधडत असे.

सहाव्या महिन्यात एके दुपारी वीस शिड्यांसाठी गाडी दारात उभी राहिली. चालक सारखा हॉर्न वाजवत होता.

"झालं का?" साहेबांनी विचारले.

"बारा झाल्या, साहेब. त्या चढवायला घ्या. आठ राहिल्यात."

"आठांसाठी गाडी अडवणार? उमेदवारी संपायला दहा दिवस उरलेत ना तुझे?"

"नऊ." तिची मूठ माझ्याभोवती आवळली. "एक माणूस मदतीला दिलात तर दोन शिड्यांना एकदम वजन लावता येईल. चाळीस मिनिटांत गाडी निघेल."

"आणि मी म्हटलं, आत्ताच शिक्के मार, तर?"

"तर तसं लिहून द्या. मी कागदांना जोडते."

साहेबांनी चालकावर राग काढला आणि एक हमाल पाठवला. वजने उचलता उचलता हमाल कुजबुजला, "ताई, एखादी तरी मोडू दे. साहेबांचं तोंड बघायचंय."

"न मोडो," ती म्हणाली. "लोक चढणार आहेत त्यांवर."

आठही शिड्या ताठ उभ्या राहिल्या.

"बघ," साहेब म्हणाले, "सगळ्या चांगल्या निघाल्या. उगीच थांबवलंस."

"ते आता आपल्याला माहीत आहे, साहेब. मघाशी नव्हतं."

नऊ दिवसांनी पत्र आले: उमेदवारी तीन महिन्यांनी वाढवली आहे. कारण दिलेले नव्हते. ती पेलाभर पाणी प्यायली आणि साहेबांच्या खोलीत गेली. मी खिशात होतोच.

"साहेब, कारण लेखी मिळेल का? कुठे कमी पडले ते कळलं तर सुधारता येईल."

साहेबांनी पेन उघडले. बराच वेळ ते कागदाला टेकलेच नाही. लिहिण्यासारखे एकच होते: आठ शिड्या तपासल्या. अखेर त्यांनी पेन मिटले आणि पत्र परत मागून घेतले. दुसऱ्या दिवशी नवे पत्र आले. त्यात ती कायम होती.

मित्रांनो, माझे रबर आता झिजले आहे. तुमच्याही हाती कधीतरी असा एखादा शब्द सोपवला जाईल आणि कुणीतरी घाईघाईने तो मागायला येईल. तेव्हा आवाज चढवू नका, मानही खाली घालू नका. किती वेळ लागेल ते सांगा, आणि तेवढा वेळ घ्या.